बोलण्याचं पॅकेज

मधुमेहाने पायाची जखम चिघळली, बोटं काळी पडली आणि पाय कापावा लागला, तर सरकार पैसे भरतं. हृदयाची नळी तुंबून अँजिओप्लास्टी करावी लागली, तरी भरतं. मूत्रपिंडं थकली आणि आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला बसावं लागलं, तरी भरतं. भरायलाच हवेत, त्यावर वाद नाही. पण या संकटांच्या दहा-पंधरा वर्षं आधी, कंबर सुटत असताना आणि साखर काठावर असताना, त्याच माणसासमोर कुणीतरी बसायला हवं होतं. काय खाता, कधी खाता, घरात चूल कोण सांभाळतं, यातलं काय बदलणं जमेल, एवढं विचारायला हवं होतं. या विचारण्यासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत जागा नाही. योजनेचं दार रुग्णालयात भरती झाल्यावरच उघडतं.

ही योजना किती वाढली ते बघा. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर पोचली आणि आपल्या ठाणे जिल्ह्यालाही मिळाली. १ एप्रिल २०१७ पासून तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. तेव्हा यादीत ९७१ उपचार होते. २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली आणि उपचार झाले ९९६. मग २०२३ च्या निर्णयाने शिधापत्रिकेच्या रंगाची अट गेली, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं, उपचार १,३५६ वर गेले. गेल्या दशकातल्या चांगल्या सरकारी कामांची यादी करायला बसलो, तर ही योजना मी वरच्या रांगेत ठेवीन. शहापूर-मुरबाड तालुक्यांतल्या किती घरांतली जमीन हिच्यामुळे सावकाराकडे जायची वाचली असेल!

म्हणून तर तिच्याकडेच मागायचं.

कुणी म्हणेल, विमा हा मोठ्या खर्चासाठी असतो. सल्ला, गप्पा, पाठपुरावा असल्या किरकोळ आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या गोष्टी त्यात बसत नाहीत. डायलिसिस किती वेळा होतं? केमोथेरपीची सायकल किती वेळा येते? ही योजना पुन्हा पुन्हा होणाऱ्या उपचारांना पुन्हा पुन्हा पैसे देतेच. ९९६ उपचारांच्या त्या यादीसोबत १२१ पाठपुरावा सेवाही होत्या, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला परत बोलवायचे, तपासायचे पैसे. परत बोलावण्याची किंमत सरकारला कळते. फक्त ती कापाकापी झाल्यानंतर कळते.

खासगी विम्याचं तर आणखी कठीण आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये सगळ्या आरोग्य विमा कंपन्यांसाठी वगळलेल्या गोष्टींची एकसारखी भाषा ठरवून दिली. त्यात सहाव्या क्रमांकावर स्थूलता आणि वजन नियंत्रण येतं. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च कधी मिळेल? वय १८ किंवा त्याहून जास्त हवं. बॉडी मास इंडेक्स, म्हणजे वजन-उंचीचा निर्देशांक, ४० किंवा त्याहून जास्त हवा. ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार किंवा ताब्यात न येणारा मधुमेह हवा. आणि त्याआधी वजन कमी करण्याचे कमी कापाकापीचे मार्ग फसलेले हवेत. हे शेवटचं पुन्हा वाचा. आधी साधे उपाय करून बघा, ते फसल्याचं दाखवा, मग शस्त्रक्रियेचे पैसे देऊ. त्या साध्या उपायांचे पैसे कोण देणार, यावर नियम गप्प आहे. आहारतज्ज्ञाकडे वर्षभर जायचं ते स्वतःच्या खिशातून. कल्याण-डोंबिवलीतल्या पगारदाराला ते कदाचित जमेल. शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या बाईला आहारतज्ज्ञ भेटणार कुठे आणि ती त्याला देणार काय?

शिवाय हे ४० आणि ३५ चे आकडे आपल्या शरीरांसाठी घेतलेलेच नाहीत. पाच फूट उंचीच्या बाईचा निर्देशांक ४० होण्यासाठी तिचं वजन ९३ किलोच्या आसपास जावं लागतं. भारतीय डॉक्टरांनी २००९ मध्ये एकमताने ठरवलेल्या मापानुसार आपल्याकडे २३ पासून वजन जास्त समजायचं आणि २५ पासून स्थूलता. म्हणजे त्याच बाईची स्थूलता ५८ किलोवर सुरू होते. ५८ ते ९३ या पस्तीस किलोंच्या वाटेवर तिला कुणी भेटत नाही.

आता मला हमखास ऐकवला जाणारा आक्षेप. शहापूर-मुरबाडसारख्या भागात वजन कमी करण्याच्या सल्ल्याची भाषा करता? तिथे पोरं सॅम आणि मॅमच्या, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषणाच्या, यादीत आहेत. अंगणवाडीत व्हीसीडीसी चालवून, म्हणजे ग्राम बाल विकास केंद्र भरवून, मुलांच्या वजनात ग्रॅमग्रॅमने भर घालावी लागते. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर मुलं आणखी वाळवून परत आणतात. अशा ठिकाणी लठ्ठपणा हा श्रीमंती चोचला नाही का?

आक्षेप मनापासूनचा असतो, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड तिकडे गेले आणि ठाणे जिल्हा म्हणजे मॉल आणि उड्डाणपूल अशी समजूत पक्की झाली. पण शहापूर आणि मुरबाड इथेच राहिले. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आजही शहापुरात आहे. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली, आणि त्यांच्या शेजारी कुणबी, आगरी. कुपोषण इथे आहे, हे कुणीही नाकारू नये. मात्र कुपोषण आणि मधुमेह ही दोन वेगळ्या माणसांची दुखणी आहेत, ही कल्पना आपल्याच राज्यातल्या एका डॉक्टरने कधीच खोटी ठरवली आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, गरोदरपणाआधी जेमतेम ४२ किलो वजनाच्या बाया. त्यांची बाळं जन्मली सरासरी २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. जवळपास पाऊण किलोचा फरक. पण हा पाऊण किलो कुठून गेला, ते महत्त्वाचं आहे. याज्ञिकांच्या चमूने बाळांच्या अंगाची मापं घेतली तेव्हा दिसलं, की कमी पडले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. कातडीखालची चरबी मात्र बाळाने बऱ्यापैकी राखली होती. उपाशी आईच्या पोटात शरीराने हिशेब केला होता: मांस सोडू, चरबी धरू. अशी बाळं वाढतात, वरून किडकिडीत दिसतात आणि आत चरबी साठवून ठेवतात. पुढे खाण्यात तेल-साखर आली, अंगमेहनत सुटली, की पस्तिशी-चाळिशीतच साखर चढते.

याज्ञिकांनी हे स्वतःच्या अंगावरही दाखवलं. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना सारखाच सडपातळ म्हणाला असता.

आता पुन्हा शहापूर-मुरबाडकडे या. ज्या तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या आया कमी वजनाच्या राहिल्या आणि बाळं कमी वजनाची जन्मली, त्या तालुक्यांतले चाळिशीचे पुरुष आणि बाया मधुमेहाला सगळ्यात आधी बळी पडणार. कुपोषण हे इथल्या मधुमेहाचं मूळ आहे. म्हणून कुपोषणाचा तालुका आहे, वजनाचं बोलू नका, हे म्हणणं उलटं आहे. कुपोषणाचा तालुका आहे म्हणूनच कमरेचं बोललं पाहिजे, आणि ते ठाण्याच्या घोडबंदर रोडवर बोललं जाण्याआधी इथे.

राज्याचा आकडाही तेच सांगतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या २०.८ टक्के बाया प्रमाणापेक्षा बारीक निघाल्या आणि २३.४ टक्के प्रमाणापेक्षा जाड. दोन्ही रांगा जवळपास सारख्या लांबीच्या. आणि अनेक घरांत दोन्ही रांगांतली माणसं एकाच चुलीवर जेवतात: सासूला शुगर, सुनेचं रक्त कमी, नातवाचं वजन भरत नाही.

हे घडतंय कसं, ते रस्त्यावर उभं राहून दिसतं. आसनगाव, वासिंद, खर्डी, कसारा. पहाटेची लोकल धरून कामाला जाणारी माणसं रिकाम्या पोटी चहा-खारीवर निघतात आणि रात्री उशिरा घरी येऊन दिवसभराचं एकदाच जेवतात. गोदामांत रात्रपाळी करणारी पोरं वडापाव आणि थंड्याच्या बाटलीवर पाळी काढतात. मुरबाडला अजून रेल्वे नाही. तिथली माणसं एसटी, मॅक्स, दुचाकी करत कल्याण गाठतात, कुणी एमआयडीसीत जातं. समृद्धी महामार्गात ज्यांची जमीन गेली, त्यांच्या हातात पैसा आला आणि पायाखालचं शेत गेलं. नांगरणी, लावणी, झोडणी, मोळी वाहणं या सगळ्यांत शरीर जे खर्च करत होतं, ते थांबलं. ताटातला भात मात्र लावणीच्या दिवसांतला राहिला. आणि पाड्यावरच्या टपरीत पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं माळेने लटकलेली असतात, जिथे ताजी भाजी आठवड्याच्या बाजाराशिवाय मिळत नाही.

रेशनचं काय? अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य, प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो, तांदूळ आणि गहू. धान्य मोफत आहे आणि ते हवंच. त्यानेच चुली पेटत्या ठेवल्या आहेत. पण २०२२ च्या दिवाळीला सरकारने १०० रुपयांत शिधा दिला, तेव्हा पिशवीत काय होतं? रवा, चणाडाळ, साखर, पामतेल. चार वस्तूंत दोन अशा, की डॉक्टर ज्या कमी करा म्हणतात. सरकारचा एक हात साखर-तेल देत होता, दुसरा हात फलकावर साखर-तेल टाळा असं लिहीत होता. २३ फेब्रुवारी २०२५ च्या मन की बातमध्ये पंतप्रधानांनी देशाला तेल १० टक्के कमी करायला सांगितलं. सांगणं योग्यच होतं. पण किन्हवलीच्या बाईच्या कढईतलं तेल १० टक्के कसं कमी होणार, चवीचं काय, नवरा-पोरं कुरकुरली तर काय, हे तिच्यासोबत कुणी बसून ठरवलं, तरच ते होईल.

सल्ला म्हणतात तो हा. भिंतीवरचा तक्ता किंवा ओपीडीच्या रांगेत दीड मिनिटात फेकलेलं "भात बंद करा, गोड बंद करा, चालत जा" हे वाक्य, याला सल्ला म्हणायचं नाही. भात बंद करा म्हणे! जिच्या घरात रेशनचा तांदूळच आहे, ती काय खाईल? आणि चालत जा कुणाला सांगताय? मुंबईला पाणी पाजणारी भातसा आणि तानसा धरणं शहापूर तालुक्यात आहेत, आणि एप्रिल-मेमध्ये याच तालुक्याच्या पाड्यांवर टँकर येतो. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणाऱ्या बाईला व्यायामाचा उपदेश करणं हा तिचा अपमान आहे. तिला पोटभर डाळ आणि अंडं हवं आहे. तिच्याच गल्लीतल्या, दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या दिराला मात्र चालायला सांगायला हवं. हा फरक ओळखणारं माणूस समोर असणं म्हणजे समुपदेशन.

आणि उत्तरं इथलीच हवीत. शहापूर-मुरबाडच्या माणसाला ओट्स आणि ऑलिव्ह तेलाचा तक्ता देऊ नका. पावसाळ्यात इथे टाकळा आहे, कुरडू आहे, कंटोळी आहे, भारंगी आहे, पहिल्या पावसाची शेवळं आहेत. वरकस माळावरची नाचणी आणि वरई आहे. ती मागे पडली, कारण भात रेशनवर फुकट मिळतो आणि नाचणी पिकवायला कंबर मोडते. सुकट, बोंबील, खेकडे आहेत. ताटात भात अर्धा आणि त्या अर्ध्या जागेत वालाची उसळ किंवा पालेभाजी, एवढंही चाळिशीच्या माणसाची साखर हलवू शकतं. याज्ञिकांच्या त्या सहा गावांत ज्या गरोदर बाया हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खायच्या, त्यांची बाळं मोठी जन्मली होती. तीच पालेभाजी सुनेच्या पोटातल्या बाळासाठी आणि सासूच्या शुगरसाठी. आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. मी तिला मधुमेह रोखण्याची योजना मानतो आणि तिच्या ताटातलं अंडं कुणी कापलं, तर त्याचा हिशेब वीस वर्षांनी डायलिसिसच्या खात्यात निघेल, असं लेखी द्यायला तयार आहे.

शहरातल्या आहारचळवळींबद्दलही एक गोष्ट बोललीच पाहिजे. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवण उरकण्याची पद्धत गावोगाव पोचवली, तीही फुकट. साध्या मराठी माणसाला इन्सुलिनबद्दल बोलायला लावलं, हे मोठं काम आहे. पण मोबाइलवर व्हिडिओ बघून शहापूरच्या बाजारपेठेतल्या दुकानदाराने दोन जेवणांमधलं सगळं बंद केलं आणि साखर उतरवणारी गोळी मात्र आधीसारखी चालू ठेवली, तर साखर एकदम खाली जाऊन तो गल्ल्यावरच कोसळू शकतो. आहार बदलताना गोळ्यांचं माप बदलावं लागतं. ते काम व्हिडिओ करत नाही. त्यासाठी दर पंधरा दिवसांनी विचारणारं माणूस लागतं.

आता विचारा, बोलून फरक पडतो का? पडतो, आणि हे भारतातच मोजलेलं आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने साखर काठावर असलेल्या ५३१ जणांना तीन वर्षांच्या अभ्यासात घेतलं. निष्कर्ष २००६ मध्ये आले. ज्यांना आहार आणि हालचालींबद्दल नियमित सल्ला दिला, त्यांच्यात मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. ज्यांना मेटफॉर्मिनची गोळी दिली, त्यांच्यात २६.४ टक्क्यांनी. बोलणं गोळीइतकं चाललं. पुढे त्यांनीच मोबाइलवर संदेश पाठवून प्रयोग केला, तेव्हाही धोका ३६ टक्क्यांनी घटला. इतका स्वस्त उपाय!

आणि त्या पहिल्या अभ्यासातली सगळ्यात मोलाची गोष्ट अशी, की सल्ला मिळालेल्यांचं वजन फारसं उतरलं नव्हतं. तरी मधुमेह टळला. हे मी अधोरेखित करतो, कारण उद्या सरकारने सल्ल्याचे पैसे द्यायचं ठरवलं, तर पहिला प्रस्ताव किलोवर पैसे देण्याचा येईल. अमेरिकेने तेच केलं आहे. तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात, मेडिकेअरमध्ये, नोव्हेंबर २०११ पासून स्थूलतेच्या समुपदेशनाला पैसे मिळतात. निर्देशांक ३० किंवा त्याहून जास्त असलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात दर आठवड्याला एक भेट, मग सहाव्या महिन्यापर्यंत दर पंधरवड्याला. रुग्णाला काही भरावं लागत नाही. पण सहा महिन्यांत ३ किलो उतरले असतील, तरच पुढचे सहा महिने, दर महिन्याला एकेक भेट. भेटींची रचना उत्तम आहे, ती जशीच्या तशी घ्या. ३ किलोंची अट मात्र शहापूरच्या दारातून आत येऊ देऊ नका. ज्या बाईचं वजनच ५६ किलो आहे आणि कंबर ८६ सेंटिमीटर, तिचे ३ किलो उतरवायला गेलात तर आधी तिचे स्नायू उतरतील. तिच्या बाबतीत मोजायची ती कंबर, साखर आणि रक्तदाब.

तेवढ्यात बाजारात वजन उतरवणारी इंजेक्शनं आली आहेत. मार्च २०२५ मध्ये मौंजारो भारतात आलं तेव्हा आठवड्याच्या सुरुवातीच्या मात्रेची किंमत ३,५०० रुपये होती, म्हणजे चार आठवड्यांचे १४,०००. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला ३१२ रुपये. महिन्याच्या औषधाला ४५ दिवसांची मजुरी. औषध गुणकारी आहे, किमती उतरतील, उतरायलाच हव्यात. तरी तेही बोलण्याशिवाय चालत नाही: औषध थांबवल्यावर वजन परत चढतं आणि तेव्हा ताटात काय असेल, हा प्रश्न तसाच उभा राहतो.

गंमत नाही, दुःख आहे ते हे, की या कामासाठी लागणारी निम्मी यंत्रणा गावात आधीच आहे. उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, पुढे त्यांचं नाव आयुष्मान आरोग्य मंदिर झालं. तिथे सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. आशाताई घरोघरी फिरून तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म भरतात: वय, तंबाखू, दारू, आठवड्यात किती हालचाल, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का. त्याच फॉर्ममध्ये कंबरही मोजतात. बाईची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, पुरुषाची ९० च्या वर गेली, की गुण वाढतात. एकूण गुण ४ च्या वर गेले, की तपासणीसाठी आधी बोलवायचं. इथवर सगळं ठीक. बीपी तपासतात, बोटातून रक्त घेऊन साखर बघतात. साखर २४० निघाली तर गोळी सुरू होते आणि ते नाव पोर्टलवर जातं. साखर १३० निघाली, कंबर ९२ निघाली, तर? तर फॉर्म पुरा झाला. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर समुपदेशकाचं पद आहे. पण मोरोशीची किंवा टाकीपठारची बाई मजुरी बुडवून, गाडीभाडं भरून, फक्त बोलायला तालुक्याला एकदा जाईल, दर पंधरवड्याला जाणार नाही. बोलणारं माणूस तिच्या उपकेंद्रात बसायला हवं.

आशाताईंवर आणखी एक काम टाकू नका, हेही आत्ताच सांगून ठेवतो. लसीकरण, गरोदर माता, क्षयरोग, कुष्ठरोग, सर्वेक्षणं, आता मोबाइलवरच्या नोंदी. त्यांचं मानधन काही अंशी कामागणिक मिळतं आणि ते वेळेवर मिळावं म्हणून त्यांना रस्त्यावर यावं लागलं आहे. कंबर मोजायला सांगता, तर कंबर मोजून परत बोलावण्याचे पैसेही द्या.

मागणी अशी आहे. फुले योजनेच्या यादीत वर्षभराच्या भेटींचं एक पॅकेज घाला. रुग्णालयात भरती होण्याची अट त्याला लावू नका. भेट उपकेंद्रात होईल, मेडिकेअरसारखी आधी दाट आणि मग विरळ. घेणारी सीएचओ असेल किंवा प्रशिक्षण दिलेली त्याच गावची बारावी झालेली मुलगी. ठाकरी, कातकरी, आगरी बोली कळणारी. प्रत्येक भेटीचे पैसे ठरलेले असतील आणि त्यातला वाटा आशाताईला मिळेल. पैसे किलोवर मिळणार नाहीत, भेट झाल्यावर मिळतील. वर्षाअखेरी कंबर, साखर, बीपीची नोंद होईल. सूचीतल्या रुग्णालयांत योजनेचे आरोग्यमित्र बसतात, कागदपत्रं बघतात, माणसाला वाट दाखवतात. त्यातला एखादा आठवड्यातून एक दिवस डोळखांबला, एक दिवस धसईला बसवला, तर योजनेची रुग्णाशी पहिली ओळख अँजिओप्लास्टीच्या टेबलावर होणार नाही.

खर्च किती येईल, याचा हिशेब योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीने मांडावा. तिच्याकडे दोन्ही तालुक्यांतल्या डायलिसिस, अँजिओप्लास्टी आणि पाय कापण्याच्या दाव्यांची प्रत्येक नोंद आहे. एका रुग्णाच्या वर्षभराच्या डायलिसिसच्या रकमेत पंधरा मिनिटांच्या किती भेटी बसतात, हा भागाकार करायला समिती नेमावी लागत नाही.

आणि मुंबईहून आदेश येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. शहापूरच्या पेसा, म्हणजे आदिवासी स्वशासनाच्या कायद्याखालच्या, ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी २०१५ पासून थेट मिळतो आणि आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हे त्यातलं एक ठरलेलं खातं आहे. एका पाड्याने, एका वर्षासाठी, एका मुलीच्या मानधनाचा ठराव करून बघावा. पुढची ग्रामसभा भरेल तेव्हा उपकेंद्राचं रजिस्टर मागवून घ्या आणि सीएचओ मॅडमना दोनच प्रश्न विचारा: गेल्या वर्षी किती जणांची कंबर मापापेक्षा जास्त निघाली, आणि त्यातल्या किती जणांना दुसऱ्यांदा बोलावलं? दुसरा आकडा शून्य निघाला, तर मॅडमना धारेवर धरू नका. ठराव लिहा आणि आरोग्यमंत्र्यांना पाठवा.